'लेडीज ओन्ली' बरोबर, मग 'यस्टरडे ओन्ली' चूक का? नामानंतर येणारे ओन्ली, अलोन, इटसेल्फ वगैरे

चादरवाला_अक्कलकोटरोड

टॉवेल आणि चादरीच्या निर्यातीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. एमआयडीसीतल्या बहुतेक ऑफिसांतून जाणाऱ्या मेलमध्ये ही पाच वाक्यं थोड्याफार फरकाने असतातच:

'वी डिस्पॅच्ड द गुड्स यस्टरडे ओन्ली.'
'वी विल शिप बाय द फिफ्टीन्थ ओन्ली.'
'वी मेक धिस डिझाइन इन कॉटन ओन्ली.'
'प्लीज कन्फर्म टुडे इटसेल्फ.'
'इव्हन वी आर वेटिंग फॉर द यार्न.'

दुसऱ्या वाक्यावर परदेशी ग्राहक हमखास उलट विचारतो, की १५ तारखेच्या आधी माल निघणारच नाही का? आपल्याला म्हणायचं असतं, १५ पर्यंत नक्की निघेल. पाटीवर 'लेडीज ओन्ली' लिहिलं तर कुणी चूक काढत नाही, चेकवर तर ओन्ली शेवटीच लागतं. मग वाक्यात नामाच्या मागे ओन्ली लावलं की कुठे चालतं आणि कुठे बिघडतं? जाणकारांनी नीट फोड करून सांगावी. टाइप करणाऱ्या पोरांना समोर ठेवता येईल असं काहीतरी हवंय.

विशेषण

चादरवाला, तुमच्या पाचांपैकी तिसरं वाक्य अगदी बरोबर आहे. बाकीची चार चार वेगळ्या कारणांनी अडतात, म्हणून एकच नियम सांगून भागत नाही. पण मुळाशी गोष्ट एकच आहे. इंग्रजीत नामाच्या मागे आलेलं ओन्ली एकच काम करतं: यादी बंद करतं. 'इन कॉटन ओन्ली' म्हणजे सुती, दुसरं कापड नाही. मराठीतला 'च' मात्र पाच-सहा कामं करतो, आणि आपण त्या प्रत्येक कामाला ओन्ली जुंपतो.

म्हणून आधी मराठी वाक्य मनात म्हणा आणि 'च' काढून तिथे 'फक्त' किंवा 'पुरतं' घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ओन्ली चालेल. 'बायकांसाठीच' म्हणजे 'फक्त बायकांसाठी', अर्थ टिकला, लिहा 'फॉर विमेन ओन्ली'. 'माल कालच पाठवला' याचं 'माल फक्त काल पाठवला' केलं की वाक्य भलतीकडेच जातं. तिथे ओन्ली नामामागे टाकायचं नाही.

'यस्टरडे ओन्ली' हे शब्द इंग्रजीत नाहीतच असं समजू नका. सेलच्या जाहिरातीत 'टुडे ओन्ली' असतं ना, ते शुद्ध इंग्रजी आहे. त्याचा अर्थ 'आजचा एकच दिवस, उद्या ही किंमत नाही'. 'यस्टरडे ओन्ली'चाही अर्थ तसाच, 'कालच्या एकाच दिवसापुरतं'. आपल्याला 'इतक्यातच, अगदी काल' म्हणायचं असतं, आणि तो अर्थ ओन्ली पुढे आलं तरच मिळतो: 'ओन्ली यस्टरडे' किंवा 'जस्ट यस्टरडे'. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

आता 'च'ची बाकीची कामं.

'तोच माणूस', 'हाच रस्ता' यात ओळख पटवायची असते. तिथे 'द सेम मॅन', 'धिस इज द रोड'. 'धिस रोड ओन्ली' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं बाकीचे रस्ते बंद आहेत.

'इथेच थांब' म्हणजे 'वेट राइट हिअर'. 'आत्ताच आला' म्हणजे 'ही हॅज जस्ट कम', पण 'आत्ताच ये' म्हणजे 'कम राइट नाउ'. मराठीत 'आत्ताच' एकच, इंग्रजीत झालेल्या गोष्टीला जस्ट आणि हुकमाला राइट नाउ.

'रवीनेच सांगितलं' यात दुसऱ्या कुणी सांगितलं नाही यापेक्षा सांगणारा कोण यावर बोट असतं. त्याला इंग्रजीत वाक्यच फिरवतात: 'इट वॉज रवी हू टोल्ड मी.'

'पैसे द्यावेच लागतील' यात 'च' क्रियापदावर आहे, सक्तीचा आहे. 'यू विल हॅव टू पे' म्हणताना 'हॅव'वर जोर द्यायचा, लिहिताना 'डेफिनेटली' घालायचं. 'माल पोहोचताच' म्हणजे 'ॲज सून ॲज द गुड्स अराइव्ह'. यातल्या कशालाही ओन्ली लागत नाही.

स्पर्धार्थी_जुळेसोलापूर

मॅडम, परीक्षेत 'स्पॉट द एरर'मध्ये 'रवी ओन्ली नोज द आन्सर' असं वाक्य येतं. नाम रवी, मागे ओन्ली, अर्थही 'फक्त रवीला' असाच घ्यायचा आहे. तुमच्या कसोटीवर तर ते पास होतं. तरी चूक का?

विशेषण

कसोटी अर्थाची झाली, आता जागेची बघू. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्या मधली जागा ही ओन्लीची नेहमीची बसायची जागा आहे, आणि तिथे बसलेलं ओन्ली उजवीकडे बघतं. 'रवी ओन्ली नोज' ऐकल्यावर इंग्रजी कानाला ते 'नोज'शी बांधलेलं वाटतं, रवीशी नाही. म्हणून कर्त्यावर ओन्ली हवं तर कर्त्याच्या आधी: 'ओन्ली रवी नोज'. किंवा मागेच हवं असेल तर शब्द बदला: 'रवी अलोन नोज'.

म्हणजे ओन्ली नामाच्या मागे तेव्हाच सुरक्षित, जेव्हा त्याच्या उजवीकडे धरायला काही नसतं. वाक्याच्या शेवटी चालतं: 'वी ॲक्सेप्ट कॅश ओन्ली', 'द काउंटर इज ओपन ऑन मंडेज ओन्ली'. पाटीवर चालतं, कारण पाटीवर क्रियापदच नसतं. मधोमध टाकलंत की घोटाळा.

एक वाक्य घेऊन ओन्ली सरकवत न्या:

'ओन्ली द मॅनेजर साइन्ड द बिल ऑन मंडे.' मॅनेजरनेच सही केली, दुसऱ्या कुणी नाही.
'द मॅनेजर ओन्ली साइन्ड द बिल ऑन मंडे.' सही तेवढी केली, पैसे सोडले नाहीत. बोलताना मात्र याच जागेवरून बिलावर किंवा सोमवारवर जोर देऊन तेही अर्थ निघतात.
'द मॅनेजर साइन्ड ओन्ली द बिल ऑन मंडे.' बिलावर केली, चलनावर नाही.
'द मॅनेजर साइन्ड द बिल ओन्ली ऑन मंडे.' सोमवारी कुठे सही झाली, त्याआधी नाही.

आणि सगळ्यात घातक:

'द मॅनेजर साइन्ड द बिल ओन्ली ऑन मंडे अँड द चलन ऑन ट्यूजडे.' वाचणारा 'बिल ओन्ली' असं वाचून थांबू शकतो किंवा 'ओन्ली ऑन मंडे' असं. दोन्हीकडे डोळा असलेलं ओन्ली कागदावर कधी ठेवू नये.

पाटीवाला_नवीपेठ

पाट्यांचं मी सांगतो. लोक पाच प्रकारे मजकूर आणतात: 'लेडीज ओन्ली', 'ओन्ली लेडीज', 'ओन्ली फॉर लेडीज', 'फॉर लेडीज ओन्ली' आणि 'ओन्ली लेडीज अलाउड'. व्याकरणाने पाचही उभे राहतात, पण पाटी लांबून वाचली जाते. महत्त्वाचं नाम पहिलं आलं पाहिजे, म्हणून 'लेडीज ओन्ली'. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत बाण दाखवणारा बोर्ड असेल तर त्यावर 'विमेन ओन्ली' आणि बाण, बस्स. पुढे 'ओन्ली' ठेवलं की पहिला शब्द वाया जातो, आणि फ्लेक्सवर अक्षराचा आकारही कमी करावा लागतो.

खरी चूक होते ती नकार आणि ओन्ली एकत्र आले की. 'ओन्ली कस्टमर्स पार्किंग नॉट अलाउड फॉर अदर्स' असला मजकूर घेऊन लोक येतात. दोन गोष्टी एका ओळीत कोंबल्या आहेत. 'कस्टमर पार्किंग ओन्ली' एवढं लिहिलं की दुसरी गोष्ट त्यातच आली, कारण ओन्ली यादी बंद करतं हे वर सांगितलंच आहे.

आणखी एक, 'ओन्ली' दोन ओळींत तुटू देऊ नका. वरच्या ओळीत 'ऑन संडे ओन्ली' आणि खालच्या ओळीत 'मेंबर्स आर अलाउड' असं मांडलं तर 'रविवारीच' असं वाचायचं की 'सभासदच' असं, काही कळत नाही. मजकूर बदलून घ्या: 'संडेज: मेंबर्स ओन्ली'.

प्रूफवाचक

पाटीवालांच्या म्हणण्याला एक जोड. नाम आणि ओन्ली मिळून विशेषण झालं आणि ते दुसऱ्या नामाच्या आधी आलं, तर मध्ये जोडरेघ द्यायची. 'कॅश-ओन्ली काउंटर', 'मेंबर्स-ओन्ली इव्हनिंग', संगणकातली 'रीड-ओन्ली' फाइल. तेच शेवटी आलं की रेघ नाही: 'धिस काउंटर इज कॅश ओन्ली'. इंग्रजी जाहिरातींच्या प्रुफात ही रेघ हटकून राहून जाते.

आता टॉवेलच्या लेबलाकडे बघा, कारण तिथे ओन्ली एक जागा सरकलं तरी सूचना बदलते. अमेरिकेत जाणाऱ्या मालाच्या वॉश-केअर लेबलवर नेहमीची ओळ असते: 'ओन्ली नॉन-क्लोरीन ब्लीच व्हेन नीडेड'. ओन्ली पुढे आहे आणि ते ब्लीचच्या प्रकाराला बांधलंय: ब्लीच लागलंच तर क्लोरीन नसलेलं वापरा. कुणी 'फॉर लेडीज ओन्ली'च्या सवयीने ते मागे टाकून 'नॉन-क्लोरीन ब्लीच ओन्ली व्हेन नीडेड' करून ठेवलं, की अर्थ होतो: नॉन-क्लोरीन ब्लीच गरज असेल तेव्हाच वापरा. क्लोरीनच्या ब्लीचबद्दल लेबल आता काहीच बोलत नाही. रंगीत टॉवेलचा रंग त्या ब्लीचने उडाला तर ग्राहक लेबल दाखवणार. म्हणून लेबलच्या मजकुराला हात लावू नका, ग्राहकाने पाठवलेला जसाच्या तसा विणायला किंवा छापायला द्या.

'ड्राय क्लीन ओन्ली' हे त्याच कुळातलं. ती शिफारस नाही, बंदी आहे. धुण्याची इतर कोणतीही पद्धत नको असा त्याचा अर्थ. धुता येणाऱ्या सुती चादरीवर नुसतं 'भारी दिसतं' म्हणून ते लावणं साफ चूक.

बँकबुक

चेकवरचं ओन्ली वेगळ्या कामाचं आहे, ते व्याकरणापेक्षा सुरक्षिततेसाठी असतं. 'रुपीज ट्वेल्व्ह थाउजंड फाइव्ह हंड्रेड ओन्ली' यातलं ओन्ली रकमेला कुलूप लावतं, मागून कुणी शब्द वाढवू नये म्हणून. मराठीत चेक लिहितानाही 'बारा हजार पाचशे फक्त' किंवा 'मात्र' असं मागेच येतं.

अक्षरी रकमेला एवढं जपायचं कारण असं, की १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे आकडे आणि अक्षरं यांत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम ग्राह्य धरतात. तरी तसा चेक वटेलच या भरवशावर राहू नका, फरक दिसला की बँका तो परत पाठवतात.

लिहायची पद्धत: छापील 'रुपीज'ला चिकटून सुरुवात करा, डावीकडे बोटभरही जागा सोडू नका. शब्दांत सलग अंतर ठेवा. ओन्ली लिहिलं की उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारा. पैसे असतील तर ओन्ली सगळ्यात शेवटी: 'अँड पैसे फिफ्टी ओन्ली'. रुपयांनंतर एक आणि पैशांनंतर एक असे दोन ओन्ली लिहिणारे आहेत, तसं करू नका, पहिल्याने रक्कम बंद होते. अमेरिकन चेकवर ही पद्धत सहसा दिसत नाही, तिथे सेंट्स शंभराच्या अपूर्णांकात लिहून रेघ ओढतात. काम तेच.

तीनभाषी

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. आपल्या गावात 'यस्टरडे ओन्ली' इतकं सहज येतं त्याला कारण आहे. सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्याच भाषा हा जोर शब्दाच्या मागे लावतात. मराठीत 'कालच'. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'निन्न'ला मागे 'ने' लागून 'निन्नने'. अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये 'निन्ने'ला 'ए' लागतो. हिंदीत 'कल ही'. दखनीने तर आपला 'च'च उचलला, 'ऐसाइच' म्हणतात. चारी बाजूंनी मागेच जोर, मग इंग्रजीतला जोर तेवढा पुढे कसा जाईल?

त्यामुळे याला नुसतं 'चुकीचं इंग्रजी' म्हणणं मला पटत नाही. देशभर कोट्यवधी लोक असं बोलतात, एकमेकांचं बरोबर समजतात, आणि भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून भाषाशास्त्रज्ञांनीही त्याची नोंद घेतली आहे. अशोक चौकातला माणूस होटगी रोडवरच्या माणसाला 'आय ॲम हिअर ओन्ली' म्हणतो तेव्हा कुणाचा काही गैरसमज होत नाही.

प्रूफवाचक

तीनभाषी, आपसात बोलताना तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ती बोली आहे, तिला तिचा नियम आहे. अडचण समोरचा त्या बोलीचा नसला की येते. चादरवालांच्या दुसऱ्या वाक्यात नेमकं तेच झालं. 'बाय द फिफ्टीन्थ ओन्ली' वाचणाऱ्याला ओन्लीचा एकच अर्थ माहीत आहे, यादी बंद करण्याचा. तो शोधतो की बंद काय केलं, आणि 'आधीच्या तारखा बंद' असं समजतो. करारात, ऑर्डरमध्ये, दवाखान्याच्या सूचनेत ओन्ली दोन्ही बाजूंना एकच अर्थ देईल अशा जागी हवं.

चादरवाला, तुमचा मेल असा करा:

'वी डिस्पॅच्ड द गुड्स यस्टरडे.' ओन्ली काढूनच टाकलं. ग्राहकाला तारीख हवी, 'कालच' मधली लगबग नको. उशिराचं कारण सांगायचं असेल तरच 'वी रिसीव्ह्ड द यार्न ओन्ली यस्टरडे', सूत काल कुठे मिळालं.
'वी विल शिप नो लेटर दॅन द फिफ्टीन्थ.' ऐन १५ लाच निघणार असेल तर 'ऑन द फिफ्टीन्थ'. आधी शक्यच नसेल तर 'नॉट बिफोर द फिफ्टीन्थ'. तीन वेगळी वचनं आहेत, मराठीत तिन्हीला '१५ लाच' म्हणून वेळ मारून नेता येते, इंग्रजीत नाही.
'वी मेक धिस डिझाइन इन कॉटन ओन्ली.' तसंच ठेवा.
'प्लीज कन्फर्म बाय द एंड ऑफ टुडे.' आणि कुणाच्या घड्याळाने ते लिहा, 'इंडियन टाइम' एवढं तरी.
'वी टू आर वेटिंग फॉर द यार्न.' याचं कारण मॅडम सांगतील.

विशेषण

सांगते. 'आम्हीपण थांबलोय' मधला 'पण' हा नुसती भर घालणारा. इंग्रजी इव्हन भर घालतं आणि वर आश्चर्यही दाखवतं: ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याच्या बाबतीतही. 'इव्हन वी आर वेटिंग' म्हणजे 'खुद्द आम्हालाही थांबावं लागतंय, बघा!' असा सूर लागतो. साधं 'मलापण चहा आवडतो' हे 'आय लाइक टी टू'. 'इव्हन आय लाइक टी' म्हणजे ज्याला एरवी काहीच आवडत नाही त्यालासुद्धा चहा आवडतो.

मराठी 'सुद्धा' दोन्ही कामं करतो, म्हणून तिथे विचार करून निवडावं लागतं. 'शिक्षकांनासुद्धा उत्तर आलं नाही' यात आश्चर्य आहे, तिथे इव्हन बरोबर, पण ते नामाच्या पुढे: 'इव्हन द टीचर्स'. 'टीचर्स इव्हन' असं मागे लावलं की ओन्लीसारखंच ते क्रियापदाला जाऊन चिकटतं.

टू आणि ॲज वेल मागे येतात, पण नकारात नाही. 'मीही गेलो नाही' हे 'आय डिडन्ट गो आयदर'. ऑल्सो वाक्याच्या शेवटी टाकायची आपल्याकडे फार सवय आहे. लेखी मजकुरात ते क्रियापदाच्या आधी ठेवा: 'वी ऑल्सो सप्लाय नॅपकिन्स'. जस्ट आणि मिअरली तर नामाच्या मागे कधीच येत नाहीत. इन पर्टिक्युलर मात्र मागे छान बसतं: 'डार्क शेड्स इन पर्टिक्युलर मे ब्लीड', गडद रंग विशेषतः सुटू शकतात.

इटसेल्फचं थोडक्यात. वस्तूचा मुख्य भाग आणि तिची उपांगं वेगळी करायची असतील तर ते नामामागे हवंच: 'द लूम इटसेल्फ इज फाइन, द शटल इज वोर्न आउट', माग ठीक आहे, धोटा झिजलाय. वेळेला मात्र ते लागत नाही. 'टुडे इटसेल्फ', 'टुमॉरो इटसेल्फ' भारताबाहेर वाचणाऱ्याला खटकतं.

स्पर्धार्थी_जुळेसोलापूर

अलोनचं अजून नीट कळलं नाही. 'इन सोलापूर अलोन' म्हणजे फक्त सोलापुरात असंच ना?

विशेषण

नाही, आणि इथेच उताऱ्यावरच्या प्रश्नात मार्क जातात. 'सोलापूर डिस्ट्रिक्ट अलोन हॅज इलेव्हन तालुकाज' म्हणजे 'एकट्या सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत', सगळा विभाग धरला तर आकडा कितीतरी मोठा होईल. इतर जिल्ह्यांत तालुके नाहीत असं ते म्हणत नाही, उलट आहेत असंच गृहीत धरतं. मराठीतलं 'एकट्या' इथे चपखल बसतं.

आता ओन्ली घालून बघा. 'ओन्ली सोलापूर डिस्ट्रिक्ट हॅज इलेव्हन तालुकाज' म्हटलं तर अकरा तालुके असलेला दुसरा जिल्हाच नाही असा दावा झाला. 'सोलापूर डिस्ट्रिक्ट हॅज ओन्ली इलेव्हन तालुकाज' म्हणजे अकराच आहेत, कमी आहेत. तीन वाक्यं, तीन अर्थ.

अलोन कधी 'एकट्या' आणि कधी 'फक्त'? सोबत आकडा किंवा मोठं प्रमाण असेल तर बहुतेक वेळा 'एकट्या'. अधिकार, ज्ञान, जबाबदारी यांची गोष्ट असेल तर 'फक्त': 'द बँक अलोन कॅन डिसाइड'. बायबलमधलं 'बाय ब्रेड अलोन' हे दुसऱ्या प्रकारचं, नुसत्या भाकरीवर. आणि क्रियापदानंतर आलं की साधं एकटेपण: 'शी लिव्ज अलोन', ती एकटी राहते. 'शी अलोन लिव्ज हिअर' म्हणजे इथे राहणारी तीच तेवढी.

तीनभाषी

ओन्ली क्रियापदाच्या आधी ठेवणं चूक, असं शाळेत शिकवतात. इंग्रज लोक मात्र सर्रास तसंच बोलतात. याचा खुलासा व्हायला हवा.

प्रूफवाचक

हा वाद जुना आहे. बिशप लाउथने १७६२ च्या आपल्या व्याकरणात 'आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स' ('स्पेक' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'स्पोक') याला नावं ठेवली आणि 'आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स' हवं असं सांगितलं. शाळेतला नियम त्याच परंपरेतला. पुढे १९२६ मध्ये फाउलरने आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात 'ही ओन्ली डाइड अ वीक अगो' या वाक्याची बाजू घेतली. ओन्लीची नैसर्गिक जागा क्रियापदाआधीच आहे, अर्थाचा खरा गोंधळ होत नसेल तर ते उगाच हलवू नये, असं त्याचं म्हणणं.

माझ्या मते बोलताना फाउलर आणि लिहिताना लाउथ. बोलताना आवाज मदतीला असतो. 'आय ओन्ली ऑर्डर्ड टेन डझन' मध्ये 'टेन'वर जोर दिला की दहाच डझन मागवले, हे कळतं. मेलमध्ये जोर ऐकू येत नाही, म्हणून तिथे 'ऑर्डर्ड ओन्ली टेन डझन'. परीक्षेतही हेच लिहा, उत्तरपत्रिका तपासणारा लाउथच्या बाजूचा असतो.

सहायक क्रियापद असेल तर ओन्ली त्याच्यानंतर, मुख्य क्रियापदाआधी: 'वी कॅन ओन्ली वेट'. 'बी'ची रूपं असतील तर त्यांच्यानंतर: 'इट इज ओन्ली टेन ओ क्लॉक'. 'ॲन ओन्ली चाइल्ड' आणि 'ओन्ली अ चाइल्ड' यांतही गफलत नको. पहिलं एकुलतं एक मूल, दुसरं अजून लहानच आहे.

चादरवाला_अक्कलकोटरोड

प्रूफवाचक आणि मॅडम, फार उपकार. मेल तसाच बदलून घेतो. पण 'पेमेंट आल्यावरच माल पाठवू' हे राहिलं. 'आफ्टर पेमेंट ओन्ली वी विल डिस्पॅच' असं आमच्याकडे लिहितात.

विशेषण

त्या वाक्यात ओन्ली दोन्हीकडे बघतंय, 'पेमेंट ओन्ली' की 'ओन्ली वी'? साधं करा: 'वी विल डिस्पॅच ओन्ली आफ्टर पेमेंट'. ओन्ली पुढेच आणायचं असेल तर लक्षात ठेवा, वेळ, जागा किंवा अट सांगणाऱ्या शब्दांसह ओन्ली वाक्याच्या सुरुवातीला आलं की क्रियापद आणि कर्ता उलटतात: 'ओन्ली आफ्टर पेमेंट विल वी डिस्पॅच'. 'ओन्ली ऑन ट्यूजडेज डज द ऑफिस ओपन' हेही तसंच. ओन्ली कर्त्यालाच लागलं असेल तर उलटत नाही: 'ओन्ली रवी केम'. स्पर्धार्थी, हा प्रश्न नेहमी येतो, दोन्ही नमुने शेजारी लिहून ठेव.

फोनवरचंही एक. समोरचा नाव विचारतो आणि आपण 'मीच बोलतोय' म्हणून 'मी ओन्ली' म्हणतो. 'स्पीकिंग' एवढा एक शब्द पुरतो.

स्पर्धार्थी_जुळेसोलापूर

लिहून ठेवतो, मॅडम. शेवटचा प्रश्न: 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो'ची जागा कशी ठरवायची? 'वी नॉट ओन्ली मेक टॉवेल्स बट ऑल्सो चादर्स' असं लिहिलं तर चालेल का?

प्रूफवाचक

बोलण्यात खपेल, पेपरात नाही. दोघांच्या नंतर एकाच जातीचा शब्द आला पाहिजे. तुझ्या वाक्यात पहिल्यानंतर 'मेक' हे क्रियापद आहे आणि दुसऱ्यानंतर 'चादर्स' हे नाम. 'नॉट ओन्ली' क्रियापदाच्या मागे ने: 'वी मेक नॉट ओन्ली टॉवेल्स बट ऑल्सो चादर्स'. नाहीतर दुसऱ्या बाजूलाही क्रियापद दे: 'वी नॉट ओन्ली मेक टॉवेल्स बट ऑल्सो एक्स्पोर्ट देम'. आणि 'नॉट ओन्ली' अगदी सुरुवातीला घेतलंस तर वर मॅडमनी सांगितलेली उलटापालट इथेही होते: 'नॉट ओन्ली डू वी मेक टॉवेल्स, वी ऑल्सो एक्स्पोर्ट देम'. यात 'डू' विसरला की मार्क गेला.